बाजारातला नाताळ

(शहापूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलं नव्हतं. त्यांचे विद्यार्थी सांगतात की अवघड प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते दटावत नसत, "आता उत्तरही तूच शोध" एवढंच म्हणत. संयोजकांनीही तोच शिरस्ता पाळला. विषय माझ्याकडूनच मागितला आणि तो निस्तरायची जबाबदारीही माझ्यावरच टाकली.

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला. "बाई, शहापूर-मुरबाडात ख्रिस्ती घरं अशी कितीशी? नाताळावर बोलायचं तर वसईला जा, नगरला जा." त्यांचं म्हणणं खोटं नाही. इथे ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत; काही कामानिमित्त आलेली, काही पाड्यांवरची. पण नाताळ मोजका आहे का? आसनगाव स्टेशनवरून बाजारपेठेत या. महिन्याभरापूर्वी ज्या दोरीवर आकाशकंदील टांगले होते, त्याच दोरीवर लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि प्लॅस्टिकची झाडं लटकतायत. नाशिक हायवेच्या ढाब्यांवर चांदण्या लागल्यात. माळशेजच्या वाटेवरच्या फार्महाऊसांच्या फलकांवर 'ख्रिसमस ते थर्टी फर्स्ट' पॅकेज आहे, त्यात जेवण, डीजे आणि शेकोटी धरून. इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांत तीन वर्षांची पोरं सांता होऊन, दाढीने अंग खाजतंय म्हणून रडतायत. थोडक्यात, ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो, नाताळ शोधावा लागत नाही. म्हणून हा विषय मी वसईला न नेता इथे आणला.

माझं माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाची सवय जात नाही. नोकरीची वर्षं कल्याणात गेली. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे. तेव्हा आज मी काही तटस्थ अभ्यासक म्हणून बोलत नाही, सणाच्या घरातली बाई म्हणून बोलते.

आधी एक गोष्ट मोकळी करते. सणात बाजार शिरला म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. मुरबाडकरांना हे वेगळं सांगायला नको. पौष पौर्णिमेची म्हसाची जत्रा घ्या. म्हसोबाला येणारा माणूस बैल बघतो, घोंगडी घेतो, भांडी घेतो, पोरांना खाऊ घेतो, मग दर्शनाला जातो. कित्येकदा आधी बैल आणि मग देव. म्हसोबाचं बाजारीकरण झालं असं कोणी म्हणतं का? नाही, कारण तिथे बाजार देवाच्या शेजारी बसलाय. बैल हा बैल म्हणून विकला जातो, घोंगडी ऊब देते म्हणून. विकणाराही नवस फेडूनच गावी परततो. नाताळाच्या बाजारात मात्र माल असा काही नसतोच. टोपी ऊब देत नाही, झाड सावली देत नाही. तिथे विकला जातो तो सणाचा भास.

आणि त्या बाजाराचं वेळापत्रकही उलटं आहे. चर्चच्या पंचांगात नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. कॅथलिक धर्मगुरू त्या दिवसांत जांभळी वस्त्रं घालतात. तो काळ संयमाचा आणि वाट बघण्याचा. सण सुरू होतो २५ डिसेंबरला आणि चालतो ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी बाळाला भेटायला आले त्या सणापर्यंत. गोव्यात रेईश मागूश, चांदोर, कासावली इथे त्या दिवशी तीन राजांचा सण अजून थाटाने होतो. बाजाराचं सगळं संयमाच्या दिवसांत. नोव्हेंबर सरतो न सरतो तोच धिंगाणा सुरू, आणि २६ तारखेला सकाळी झाडावर निम्म्या किमतीची चिठ्ठी. चर्चचा सण सुरू होतो तेव्हा बाजाराचा संपलेला असतो. माझ्या मते यातली खरी गंमत कोणाच्या लक्षात येत नाही: दोघांची गाठच पडत नाही.

आता ख्रिस्ती लोकांचं यावर काय म्हणणं आहे? एक म्हणणं असतं तर मी पाच मिनिटांत खाली बसले असते. पण आमच्यात या सणावरून भांडण जुनं आहे, आणि त्याचा एक धागा थेट नगरला येतो.

इंग्लंडात १६४७ साली प्युरिटन लोकांच्या पार्लमेंटने नाताळाचा सणच रद्द केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदा झाला की नाताळ साजरा करताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ साली मागे घेतला, तरी त्या मुलुखात नाताळाची रीतसर सुट्टी व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. त्यांचं म्हणणं साधं होतं. येशूच्या जन्माची तारीख बायबलात नाही, सण पाळा अशी आज्ञा नाही, आणि त्या दिवसांत लोक दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घालतात. तिसरा मुद्दा ऐकून माळशेजच्या रस्त्यावरच्या गावांतली मंडळी हसतायत, ते मला दिसतंय.

मॅसॅच्युसेट्सच्या याच चर्चच्या परंपरेतून अमेरिकन मराठी मिशन निघालं. १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली नगरला ठाणं केलं. मुंबई-कोकणात काम करणारे स्कॉटिश मिशनरी प्रेस्बिटेरियन. त्यांच्या स्कॉटलंडात तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली. म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांना ज्यांनी धर्म दिला, त्यांच्या स्वतःच्या परंपरेत नाताळ हा सण नव्हताच. आज कोणी म्हणतं की नाताळ ही पाश्चात्त्यांनी आमच्यावर लादलेली गोष्ट आहे, तेव्हा मला नगर आठवतं. आमच्या पणज्यांनी हा सण इथल्या मातीतून उभा केला. साहेबाच्या हाती सांता नव्हता, झाड नव्हतं. असली तर प्रार्थना आणि प्रवचन.

मग सण कशाचा केला? माझ्या लहानपणी आमच्या घरी नाताळाला केक नव्हता. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, चिवडा, आणि एखादीचा हात चांगला असेल तर अनारसे. अगदी दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिने उशिरा. शेजारच्या घरांतून दिवाळीला भरलेली ताटं आलेली असायची. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत. आई त्यात चार साखरेचे दाणे टाकून ताट परत करी, पण खरी परतफेड नाताळाला. क्रोशाच्या रुमालाने झाकलेली ताटं घेऊन आम्ही पोरं वाड्यात फिरायचो. कोणाकडे किती करंज्या द्यायच्या याचा हिशोब आईच्या डोक्यात पक्का असे आणि त्यात दिवाळीला काय आलं होतं याची चोख नोंद असे. हाही व्यवहारच की! पण त्या व्यवहारात कोणाला नफा झाला नाही. आता फराळ विकत येतो, आमच्याकडेही आणि तुमच्याकडेही. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण विकतच्या डब्यात हिशोब किमतीचा होतो, करंज्यांचा राहत नाही.

आणि गाणी? मराठी चर्चमधून 'उपासना संगीत' नावाचं भजनांचं पुस्तक असतं. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ती झाले म्हणून अभंग सोडला नाही. उलट अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं. त्यांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं, १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं; लक्ष्मीबाईंनी, हो, 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंनीच, ते पुढे नेऊन पुरं केलं. आणखी मागे जायचं तर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने मराठीत, आपल्या पुराणांच्या वळणावर, सुमारे ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ साली ते गोव्यात राशोलला छापलं. तुकोबा तेव्हा लहान होते. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत त्या वेळेपासून सांगितली जातेय, आणि आजच्या दुकानातल्या स्पीकरवर मात्र घुंगराच्या गाडीचं एकच इंग्रजी गाणं. त्या गाण्यात येशूचं नावसुद्धा नाही, हे कोणी ध्यान देऊन ऐकलंय का?

नगरच्या चर्चबद्दल बोलते आहे तर आमच्या घरातल्या बाजाराचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई दुसऱ्यांचीच उणी काढतात. आमच्यात उपकारस्तुतीचा म्हणजे हंगामाचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, भोपळा, ज्वारीची कणसं असं काहीबाही चर्चला आणून अर्पण करतात. उपासना झाली की आवारात लिलाव. चाळीस रुपयांच्या भोपळ्याची बोली शंभरावर जाते, दोनशेवर जाते, पाचशेला सुटते. ज्याने घेतला तो उठून म्हणतो, "पुन्हा लावा." तोच भोपळा पुन्हा बोलीवर चढतो. एका कोंबडीला दुपारभरात चार मालक होतात, बिचारी पाय बांधलेली, आपला भाव वाढताना बघत बसते. पैसा चर्चच्या कामाला जातो. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकणाऱ्या येशूला हे आवडलं असतं का, असा वाद आमच्या मंडळीत दरवर्षी निघतो. माझ्यापुरतं उत्तर असं की तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं, भोपळ्याची किंमत चाळीसच आहे. वरचे चारशे साठ भोपळ्याचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही असतो, अमक्याने तीनशे म्हटलं तर मी साडेतीनशे. माणसं आहोत.

आता सांताकडे वळते. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता. त्याच्याबद्दलची कथा अशी की गावातल्या एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नाला हुंडा देता येईना, मुली देशोधडीला लागायची वेळ आली. निकोलसने रात्री, कोणी बघणार नाही असं बघून, सोन्याची थैली त्याच्या घरात टाकली. तीनदा टाकली. हुंड्याचं दुःख आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. या बिशपाचा गोल पोटाचा म्हातारा अमेरिकेत झाला. थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३ पासून त्याला साप्ताहिकात काढलं, आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी जगभर नेलं. लाल रंग कोका-कोलाने दिला असं सांगतात ते बरोबर नाही, तो आधीपासून होता. कंपनीने फक्त त्याला कामाला लावलं.

मूळ कथेत दोन गोष्टी होत्या: घेणाऱ्याची खरी नड, आणि देणाऱ्याचं लपून राहणं. डिसेंबरात तुमच्याच तालुक्यांत काय चालतं ते बघा. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या पाड्यांवर येतात. ब्लँकेट, वह्या, चॉकलेट. पोरांच्या डोक्यावर लाल टोपी, मागे बॅनर, समोर कॅमेरा. कंपन्या असतात, मंडळं असतात, आणि आमचे ख्रिस्ती गटही असतात. इतरांचं त्यांनी बघावं, पण आमच्या लोकांना मी आमच्या सभेत सांगते तेच इथे सांगते: बॅनर लावून दिलेलं ब्लँकेट ही जाहिरात आहे. आणि त्या ब्लँकेटबरोबर प्रार्थनेला या असं सुचवलं असेल तर ते आमिष आहे, मग आम्ही कितीही सेवा म्हणो. ज्याला द्यायचंय त्याने निकोलससारखं रात्री द्यावं. फोटो येणार नाही, तेव्हा किती जण येतात तेही कळेल.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. सांताला सगळीकडे मुभा आहे. मॉलमध्ये, शाळेत, ढाब्यावर, पुढाऱ्याच्या फलकावरही. पण पाच-सात माणसं पेटी-ढोलकी घेऊन ख्रिस्तजन्माची गाणी म्हणत घरोघर निघाली की लोक विचारतात, कोण तुम्ही, कुठून आलात, परवानगी आहे का? डिसेंबर २०१७ मध्ये मध्य प्रदेशात सतना इथे गाणी म्हणायला निघालेल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना पोलीस ठाण्यात नेलं गेलं, आणि त्यांच्यासाठी गेलेल्या धर्मगुरूंची गाडी जाळली गेली. त्याच राज्यात शाजापूरला २०२३ साली आदेश निघाला की पालकांच्या लेखी परवानगीशिवाय शाळांनी मुलांना सांता करू नये. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण या दुसऱ्या आदेशाबद्दल माझा राग थोडा कमी आहे. कोणाच्या लेकराला काय वेष चढवायचा हे आईबापाला विचारलं तर बिघडलं काय? मला खटकतं ते त्यामागचं गृहीतक, की सांता म्हणजे ख्रिस्ती धर्म. सांता विकणाऱ्याचंही गृहीतक तेच. दोघांच्या मध्ये ख्रिस्ती माणूस उभा. ज्याचा नफा त्याला मिळत नाही आणि ज्याच्यात त्याची श्रद्धाही नाही, त्या लाल डगल्याचा जबाब त्याने द्यायचा.

नाताळातलं जे विकता येतं ते घरोघर पोचलं, आणि जे विकता येत नाही त्याकडे संशयाने बघितलं जातं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

२५ डिसेंबरवर हक्क सांगणारे हल्ली पुष्कळ झालेत. २०१४ पासून सुशासन दिन आहे, तेव्हापासूनच तुळशीपूजनही त्याच तारखेला निघालं. तुळशीला माझा नमस्कार, पण तिचं लग्न कार्तिकात झालेलं असतं, तिला पुन्हा या गर्दीत कशाला उभी करायची? या तारखेचा मराठी माणसाच्या दृष्टीने मोठा हक्कदार वेगळाच आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. आणि मुरबाडकरांना २ जानेवारी सांगायला नको: १९४३ साली सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. म्हणजे बाजार ज्याला 'फेस्टिव्ह वीक' म्हणतो त्याच्या एका टोकाला महाड आणि दुसऱ्या टोकाला तुमचा सिद्धगड. मरियेने लूकच्या शुभवर्तमानात बाळ पोटात असताना गाणं म्हटलंय. सत्ताधीश सिंहासनावरून खाली येतील, भुकेले पोटभर जेवतील, श्रीमंत रिकाम्या हाताने जातील, असा त्याचा आशय. या मरियेला महाडच्या सभेत परकं वाटलं नसतं. मॉलमध्ये वाटेल.

आता गव्हाणीकडे येते. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने पहिली गव्हाणी मांडली असं मानतात. त्याने मूर्ती आणल्या नव्हत्या. चारा टाकलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव, आणि भोवती गावकरी. दिवंगत पोप फ्रान्सिस २०१९ साली याच ग्रेच्चोला गेले आणि तिथून त्यांनी गव्हाणीवर एक पत्र लिहिलं. त्याआधीच्या वर्षी नाताळाच्या रात्री ते बोलले होते माणसाच्या हावेबद्दल, थोड्यांच्या मेजवान्या आणि पुष्कळांच्या रिकाम्या ताटांबद्दल. २०२३ साली खुद्द बेथलेहेमात गाझातल्या युद्धामुळे सण रद्द झाला, आणि तिथल्या लुथरन चर्चने बाळाला पडक्या घराच्या दगडामातीत ठेवलं. ते चित्र जगभर गेलं. आपल्याकडे गव्हाणी थर्माकोलची असायची. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या मंडळीतल्या तरुणांचे चेहरे पडले होते, आता स्पर्धेला काय करायचं म्हणून.

गव्हाणी नुसत्या सजावटीपुरती ठेवायची नसेल, तर वसईची गोष्ट इथे येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ च्या जुलैत गेले. 'सुवार्ता'चे ते दीर्घकाळ संपादक होते, त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं. पण वसईच्या शेतकऱ्याला ते आठवतात हरित वसईच्या लढ्यासाठी. विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकणाऱ्यांच्या आणि शेतजमिनी गिळणाऱ्यांच्या विरोधात धर्मगुरू रस्त्यावर उतरला. पाणी हा विकायचा माल नाही, ही त्यांची भूमिका. शहापूरकरांपुढे याचा अर्थ मी काय सांगणार? भातसा तुमची, तानसा तुमची, मोडकसागर तुमचं. मुंबईच्या नळाला शहापूरचं पाणी आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यावर टँकरची वाट. दिब्रिटोंच्या नाताळाच्या कल्पनेत ही लढाई बसत होती. धर्मगुरूने फक्त मिस्सा म्हणावी असं म्हणणारे तेव्हाही होते, ख्रिस्ती लोकांतही होते.

आणि इथली गव्हाणी? दिवाळी उरकली की मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात चूल पेटवायला भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला बिऱ्हाड भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातं. नवरा-बायको मिळून एक 'जोडी', हजार विटांमागे दर. राहायला कच्च्या विटा रचून कमरेएवढ्या भिंती, वर पेंढा किंवा ताडपत्री, आत वाकून शिरायचं. रेशनकार्ड वाडीवर, माणसं भट्टीवर. बाई अवघडलेली असली तरी चिखल तुडवते. बाळंतपण तिथेच. श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध किती झगडा दिला ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. आता लूकची गोष्ट आठवा. सरकारी नोंदणीसाठी एक सुतार अवघडलेल्या बायकोला घेऊन परगावी जातो, उतारशाळेत जागा मिळत नाही, बाळ जनावरांच्या गव्हाणीत ठेवावं लागतं. नाताळाच्या रात्री आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट वाचतात तेव्हा मी डोळे मिटते आणि मला बेथलेहेम दिसत नाही. मात्र कातकरी बाईच्या दुःखाला मी 'गव्हाणी' म्हटलं म्हणून ते पवित्र होत नाही. तिला उचलीतून सोडवणं हे काम आहे, आणि ते कीर्तनाने होत नाही.

या भागात अशीही छोटी प्रार्थनामंडळं आहेत जी नाताळ मानतच नाहीत. त्यांतले काही विश्वासी मला म्हणाले, "बायबलात तारीख नाही बाई, मग कशाला?" शिकलेसवरलेले ख्रिस्ती त्यांना हसतात. मला मात्र ऐकताना मॅसॅच्युसेट्सचा कायदा आठवला आणि हसू आवरलं. बाजाराला तोंड द्यायची ही एक तऱ्हा आहे, सणच नको म्हणण्याची. मला ती पटत नाही. सण सोडला तर ताट कोणाकडे न्यायचं? पण त्यांच्या पाड्यावर २५ डिसेंबरला डीजे नसतो, कर्ज काढून नवे कपडे नसतात, आणि दारू सुटलेल्या नवऱ्याची बायको रोजच्यासारखी कामाला जाते. तिचा सण तोच असेल, तर मी तिला काय शिकवणार?

शेवटी संयोजकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला एक प्रश्न घेते. इथल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलाय: "मग आम्ही मुलांचा नाताळ करू की नको?" करा. आईबापांना विचारून करा. सांता हवा असेल तर त्याला बिशप करा, दाढी लावा हवी तर, पण गोष्ट तीन मुलींची सांगा. आणि नाटकच बसवायचं असेल तर मेंढपाळांचं बसवा. ठाकर-कातकऱ्यांच्या मुलांना शेळ्या कशा हाकायच्या हे शिकवावं लागणार नाही, ती तुम्हालाच शिकवतील. घोंगडी घरोघर आहे. टोपीचे पैसे वाचतील, त्यात मुलांना केळी वाटा.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवा असं मला बजावलंय, आणि शेवटची एसटी किती वाजता आहे हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. विचारा.